दर अडीच हजार किलोमीटरला

बाबांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं, काउंटरवर पसरलं, तळहातानं त्याची घडी मोडली आणि म्हणाले, "सिंथेटिक."

मी म्हणालो, "साधं."

काउंटरच्या पलीकडं अनुजा मगदूम उभी होती. तिनं आधी बाबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि हातातल्या पेनाला टोपण लावलं. इतर गिऱ्हाइकांना ती पेन उघडं ठेवूनच उरकायची.

"काका, बसा की," ती म्हणाली. "चौदा-चाळीस, तुम्ही पण बसा."

चौदा-चाळीस म्हणजे मी. मगदूम ऑइल सेंटरमध्ये माणसाला त्याच्या गाडीच्या नंबरानं ओळखायची पद्धत होती. सांगलीतले एक नामांकित डॉक्टर तिथं सत्त्याऐंशी-झिरो-दोन होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. माझं नाव तुषार कुरुंदवाडे आहे हे अनुजाला ठाऊक होतं. तिनं ते एकदा लायसनवर वाचलं होतं आणि फोटो दुसऱ्या कुणाचा आहे का म्हणून विचारलं होतं.

याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, एका पतपेढीचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचो, आणि आमच्याकडं बाबांची बारा वर्षं जुनी मारुती होती.

त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते सांगायला अठरा महिने मागं जावं लागेल. बाबांनी मला पहिल्यांदा ऑइल बदलायला पाठवलं, तेव्हा मगदूम आण्णांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं होतं आणि केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली त्यांची मुलगी काउंटर सांभाळत होती. कुठलं ऑइल घालू, असं तिनं विचारलं. तुम्ही वापरता तेच घाला, असं मी म्हणालो. ती म्हणाली, मी सायकल वापरते. मग तिनं शांतपणे समजावून सांगितलं, की सिंथेटिक महाग असतं पण दहा हजार किलोमीटर जातं. साधं स्वस्त, पण ते लवकर बदलावं लागतं.

"लवकर म्हणजे किती?" मी विचारलं.

तिनं जरा विचार केला. "अडीच हजार."

"साधं घाला," मी म्हणालो.

हा माझ्या आयुष्यातला सर्वांत झटपट घेतलेला निर्णय. ऑइल बदललं की तिथं पुठ्ठ्याचा एक टॅग दोऱ्यानं स्टिअरिंगखाली बांधत: गाडीचा नंबर, आजचे किलोमीटर, पुढचं ऑइल किती किलोमीटरला. तो टॅग मी घरी जाईपर्यंत चार वेळा वाचला. अडचण एकच होती. आमची मारुती महिन्याला जेमतेम अडीचशे किलोमीटर चालायची. त्या वेगानं अनुजा मगदूम दहा महिन्यांनी दिसली असती.

तेव्हा मी किलोमीटर वाढवायला लागलो.

दूध आणायला मिरजेला जाऊ लागलो. मिरजेत दूध वेगळं मिळतं असं नाही, पण मिरज दूर आहे. शेजारच्या कमलकाकूंना नरसोबाच्या वाडीचं दर्शन घडवायचं मी कबूल केलं, आणि मग ते दर गुरुवारी घडवू लागलो. काकू म्हणायच्या, असा मुलगा कुणाच्या पोटी येत नाही. माझी आई हे ऐकून माझ्याकडं संशयानं बघायची. पाचसहा महिन्यांत वाडीतला एक पुजारी मला ओळखायला लागला आणि नवस कसला आहे ते हळूच विचारू लागला. मी सांगितलं, गाडीसंबंधी आहे. माझ्या भक्तीची बातमी गल्लीभर झाली आणि त्या जोरावर मला दोन स्थळं सांगून आली. दोन्ही वेळा मुलीच्या वडिलांनी बाबांना विचारलं, मुलगा पुढं संन्यास वगैरे घेणार नाही ना.

एकदा तर अडीच हजाराला सत्तावीस कमी पडत होते आणि बाहेर धो-धो पाऊस होता. मी अंगणातल्या शेडमध्ये गाडीचं एक पुढचं चाक जॅकवर उचललं, गिअर टाकला आणि आत बसून राहिलो. चाक हवेत फिरत होतं, मीटर पळत होता. बाबा छत्री घेऊन आले, काच वाजवली, कुठं निघालास म्हणून विचारलं.

"मिरजेला," मी म्हणालो.

बाबा थोडा वेळ फिरणाऱ्या चाकाकडं बघत राहिले, आणि येताना पाव आण म्हणून सांगून आत गेले.

असं करत मी दर तीन महिन्यांनी मगदूम ऑइल सेंटरला पोचायचो. तिथं मागच्या बाजूला खड्डा होता. गाडी खड्ड्यावर घ्यायची, दुकानातले मेकॅनिक बशीरभाई खाली उतरून नट खोलायचे, काळं ऑइल डब्यात पडायला लागायचं. ते गरम असताना पूर्ण निथळू द्यावं लागतं, असं अनुजा म्हणायची. चाळीस मिनिटं. बशीरभाई खड्ड्यातून एकदा म्हणाले होते, की दुसरीकडं दहा मिनिटांत करतात. त्यावर अनुजा त्यांना म्हणाली, दुसरीकडं दुसरी माणसं असतात, मामा.

त्या चाळीस मिनिटांत आम्ही काय बोलायचो? मुख्यतः मी विनोद करायचो. मला दुसरं काही येत नव्हतं. ती हसायची, आणि तिचं हसणं जरा उशिरा यायचं, आधी नीट तपासून घेतल्यासारखं. मग ती माझ्या गाडीच्या काढलेल्या ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळायची, वास घ्यायची आणि माझ्याबद्दल सांगायची. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "पेट्रोलचा वास येतोय याला. तुम्ही फार जवळच्या जवळ जाता. इंजिन तापायच्या आत गाडी बंद करता." मी म्हणालो, आमच्या घराण्यातच आहे ते. ती हसली, आणि पुढचा टॅग लिहायला घेतला.

अठरा महिन्यांत सात वेळा. पहिली खेप सोडली तर प्रत्येक वेळी मी घरून एक वाक्य ठरवून निघायचो आणि तिथं दुसरंच बोलून यायचो.

आता कात्रणाकडं येतो. बाबा साखर कारखान्यात केमिस्ट होते, त्याच वर्षी निवृत्त झालेले. त्यांनी चाळीस वर्षं रस, पाक आणि मळी मोजली होती आणि आता मोजायला घरात काहीच नव्हतं. रविवारच्या पुरवणीत त्यांनी सिंथेटिक ऑइलवरचा लेख वाचला, तीन वेळा अधोरेखित केला, आणि जाहीर केलं की आपल्या गाडीला दर तीन महिन्यांनी सर्दी झाल्यासारखं औषध पाजायची गरज नाही; यापुढं सिंथेटिक, वर्षातून एकदा. मी वाद घातला. म्हणून ते स्वतः दुकानात आले होते.

वर्षातून एकदा. मी खुर्चीत बसून हिशोब केला. समजा तीस वर्षं गाडी टिकली. तीस वेळा. त्यातल्या दहा वेळा तरी आण्णाच काउंटरला असणार.

अनुजानं कात्रण पूर्ण वाचलं. मग तिनं आणि बाबांनी बोलायला सुरुवात केली आणि मला कुणी विचारीना. विषय घट्टपणाचा होता. थंडीत तेल किती दाट होतं, गरम झाल्यावर किती पातळ राहायला हवं. बाबांनी उकळत्या पाकाचं उदाहरण दिलं. ती म्हणाली, अगदी तसंच, काका, आणि त्यांना दोन बाटल्या उलट्या करून बुडबुडा वर चढताना दाखवला. बाबा खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा निवृत्तीनंतर पहिल्यांदाच असा दिसत होता. अठरा महिन्यांत मला एवढी केमिस्ट्री कधी ऐकवली नव्हती तिनं. मी स्वतःच्या वडिलांवर जळलो.

मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. जुन्या गाडीला सिंथेटिक चालत नाही, असं मी सांगितलं. पातळ असतं, सील गळतात, दारात तेलाचं थारोळं होतं. हे सांगलीतला कुठलाही मेकॅनिक शपथेवर सांगेल.

"तसं म्हणतात सगळे," अनुजा म्हणाली. ती बाबांना सांगत होती, बघत माझ्याकडं होती. "पण गळायचं असतं ते आधीच फाटलेलं असतं, काका. साध्या ऑइलचा गाळ बसून ते झाकलं जातं एवढंच. सिंथेटिकनं गाळ निघतो आणि खरं काय ते दिसतं."

"बघ," बाबा मला म्हणाले.

"झाकलेलं बरं असतं कधीकधी," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडं दुर्लक्ष केलं. "पोरी, तू सांग. तुझी गाडी असती तर तू काय घातलं असतंस?"

तिनं उलट्या बाटल्या सरळ केल्या. खड्ड्यात बशीरभाईंनी पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता ती साधं म्हणेल. ती काय म्हणते यावर पुढचं वर्ष अवलंबून होतं, आणि माझी खात्री होती की तिलाही ते माहीत आहे.

"सिंथेटिक घाला, काका," ती म्हणाली.

बाबांनी कात्रणाची घडी घातली, खिशात ठेवली आणि जुनं ऑइल पूर्ण निघतं की नाही ते बघायला मागं खड्ड्यापाशी गेले. तिथं त्यांनी बशीरभाईंना मळीविषयी सांगायला सुरुवात केल्याचं ऐकू येत होतं.

काउंटरला आम्ही दोघंच उरलो. मला राग आला होता, आणि राग आला की मी फार मजेशीर होतो.

"चला," मी म्हणालो. "वर्षभर सुटलात."

ती काउंटरवरचा तेलाचा डाग फडक्यानं पुसत होती. तो डाग जुना होता, निघणारा नव्हता.

"मी सोमवारी बडोद्याला चाललेय," ती म्हणाली. "नोकरी लागली. लॅबमध्ये. ऑइलच तपासायचं, पण पगार मिळणार."

मी अभिनंदन केलं.

"इथं प्रशांत बसेल, माझा भाऊ. तो दहा मिनिटांत गाडी काढतो. दर तीन महिन्यांनी तुम्ही प्रशांतला भेटायला कशाला यायचं? म्हणून सिंथेटिक म्हटलं."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. पण तिचं संपलं नव्हतं.

"आणि साधं ऑइलसुद्धा पाच हजार जातं," ती म्हणाली. "तुमच्या गाडीच्या पुस्तकात छापलंय. पुढच्या कप्प्यात असतं ते पुस्तक. बाकी सगळ्यांच्या टॅगवर मी पाच हजारच लिहिते."

"आणि माझ्या?"

"अडीच."

फडकं थांबलं होतं. मागं बाबा म्हणत होते, मळीतूनसुद्धा पुष्कळ काही निघतं, बशीरभाई, फेकून देऊ नये.

"बडोदा लांब आहे," मी म्हणालो.

"आठशे किलोमीटर. जाऊन येऊन सोळाशे." तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "सिंथेटिक दहा हजार जातं."

"सहा खेपा," मी म्हणालो. "वर चारशे उरतात."

"उरू देत. मग?"

मग. एवढंच विचारलं तिनं, आणि हातातलं फडकं बाजूला ठेवून थांबली. मला अजून तो पंखा आठवतो, तिसऱ्या फेरीला खट् करणारा. त्यानं पाच-सहा वेळा खट् केलं असेल. घरून ठरवून आणलेलं सगळ्या खेपांचं वाक्य एकच होतं आणि ते मला पाठ होतं.

"मग काय," मी म्हणालो, "ग्राहक मंच. अठरा महिने आमच्या गाडीला दुप्पट ऑइल पाजलंत. नुकसानभरपाई लागेल."

तिनं ते नेहमीसारखं आधी तपासलं. मग ती हसली. चांगलं खळखळून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बोटांना तेल होतं म्हणून डोळे मनगटानं पुसले. तिला हसवायला मला फार आवडायचं. हसणं संपल्यावर तिनं पेनाचं टोपण काढलं, नवा टॅग घेतला, आजचे किलोमीटर लिहिले, त्यात दहा हजार मिळवले आणि टॅग माझ्याकडं सरकवला.

"सांभाळून जा, चौदा-चाळीस," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली. पुढचं गिऱ्हाईक ट्रॅक्टरचं होतं, त्याला वीस लिटर पाहिजे होतं.

परत येताना गाडी मी चालवत होतो. इंजिनचा आवाज मऊ झाला होता आणि बाबा त्यावर खूश होते. कॉलेज कॉर्नरपाशी सिग्नलला ते म्हणाले, की मुलगी हुशार आहे. मी हो म्हणालो. पुलाच्या अलीकडं ते म्हणाले, बडोद्याला चालली म्हणे, बशीरभाई सांगत होते. मी म्हणालो, हो का.

दारात गाडी उभी केल्यावर ते उतरले नाहीत.

"तुझी सुमनआत्या असते बडोद्याला," समोरच्या काचेकडं बघत ते म्हणाले. "किती वर्षांत कुणी गेलं नाही तिच्याकडं. तुला कधी जावंसं वाटलं तर गाडी घेऊन जा. माझं रिक्षानं भागतं."

"पेट्रोलचे भाव बघितलेत का, बाबा?" मी म्हणालो.

ते उतरले. दार त्यांनी हळूच लावलं, नवीन गाडीचं लावतात तसं.

सोमवारी मी पतपेढीत होतो. एक प्रिंटर बिघडला होता, तो मी दिवसभर दुरुस्त केला. संध्याकाळी तो पुन्हा बिघडला.

तिचा नंबर माझ्याकडं नव्हता. दुकानाचा होता, टॅगवर छापलेला. मे महिन्यात मी त्यावर फोन केला. आण्णांनी उचलला. मी ग्रीसचा भाव विचारला. जूनमध्ये परत केला, तेव्हाही आण्णाच होते. त्यांनी आवाज ओळखला आणि भाव तोच आहे म्हणून सांगितलं.

मिरजेचं दूध बंद झालं. वाडीचे गुरुवारही मी एकेक करत सोडले. कमलकाकूंनी त्याचा एवढाच अर्थ लावला, की माझा नवस पूर्ण झाला. त्यांनी गल्लीत पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

गाडी दारात उभी असायची. बाबा तिला सकाळी पुसायचे, बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बघायचे आणि एक थेंबही गळत नाही म्हणून मला बोलावून दाखवायचे.

वर्ष भरलं. टॅगवरचे किलोमीटर यायला अजून अकरा वर्षं लागली असती, पण वर्षातून एकदा तरी बदलायचं असं कात्रणात होतं, म्हणून बाबांनी मला मगदूम ऑइल सेंटरला पाठवलं. काउंटरला प्रशांत होता. तोंडावर तीच हनुवटी. बाकी काही नाही. त्यानं टॅग पाहिला, गाडीत वाकून मीटर पाहिला, पुन्हा टॅग पाहिला.

"आठशे बारा," तो म्हणाला. "वर्षभरात? गाडी आजारी होती काय ओ?"

नाही, बरी होती, असं मी सांगितलं.

त्यानं पट्टी बाहेर काढून उजेडात धरली. ऑइल अजून सोनेरी होतं. हे काय बदलायचं, याच्यावर अजून मुंबई दहा वेळा करा, असं तो म्हणाला. मग पट्टी पुसता पुसता त्याला काहीतरी आठवलं.

"चौदा-चाळीस म्हणजे तुम्हीच की," तो म्हणाला. "आमची ताई विचारत होती तुमचं."

"कधी?"

"दिवाळीत. आली होती ना बडोद्यावरनं. पाच दिवस सुट्टी, आणि पाचही दिवस इथंच, काउंटरला. आई घरी बोलावून थकली. लक्ष्मीपूजनाला दुकानात गिऱ्हाईक कोण येतंय, तरी ही बसलेली. रोज विचारायची, चौदा-चाळीस येऊन गेले का, येणारेत का." त्यानं पट्टी पुन्हा आत सारली. "मी म्हटलं, अगं, सिंथेटिक घातलेली गाडी ती. तूच घातलंस. वर्षभर कशाला येतील ते?"

"मग काय म्हणाली?"

"काय म्हणणार. बरोबर आहे म्हणाली. पाडव्याला गेली परत." त्यानं बॉनेट पाडलं आणि माझ्याकडं पाहिलं. "मग काय करू? बदलू का राहू दे?"

ते दुकान आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे. दिवाळीचे पाचही दिवस मी घरीच होतो. गाडी दारात होती, आणि बाबांनी तिला झेंडूची माळ घातली होती.